परवानगी आणि मनाई : इंटरनेटवरील नावांच्या याद्यांचा इतिहास

कोल्हापुरात शाहूपुरीतील किंवा राजारामपुरीतील एखाद्या घरात मोबाइलवर बातमीचे एक पान उघडले जाते, तेव्हा तो मोबाइल केवळ त्या वृत्तपत्राच्या संकेतस्थळाचा पत्ता विचारून थांबत नाही. जाहिराती पुरवणाऱ्या, वाचकांची मोजणी करणाऱ्या आणि त्यांच्या सवयींची नोंद ठेवणाऱ्या इतर अनेक संकेतस्थळांचे पत्तेही तो त्याच क्षणी विचारत असतो. ज्या व्यवस्थेला हे प्रश्न विचारले जातात तिला डीएनएस, म्हणजे डोमेन नावांची व्यवस्था, म्हणतात. माणसाला लक्षात ठेवता येईल असे नाव, अर्थात डोमेन, तिच्याकडे दिले की दूरध्वनीच्या नोंदवहीप्रमाणे ती त्या नावाचा आकडी पत्ता परत देते. घरातील सर्व उपकरणांचे हे प्रश्न एका लहान यंत्राकडे वळवून, त्यांपैकी जाहिरातींच्या नावांना पत्ताच न देणारी जी साधने गेल्या दशकात घरोघरी बसू लागली, त्यांना जाळ्याच्या पातळीवरील जाहिरातरोधक म्हणता येईल. अशा साधनाचा सारा कारभार दोन याद्यांवर चालतो : ज्या नावांना उत्तर द्यायचे नाही त्यांची मनाई यादी आणि कोणत्याही परिस्थितीत उत्तर द्यायचेच आहे अशा नावांची परवानगी यादी.

साधन नवे असले तरी नावांच्या याद्या राखण्याची आणि त्यांवरून कोणाला जवळ करायचे, कोणाला दूर ठेवायचे हे ठरवण्याची रीत अर्ध्या शतकाहून जुनी आहे. या काळात याद्या कधी एका कार्यालयाने राखल्या, कधी स्वयंसेवकांनी, कधी सरकारने आणि न्यायालयाने, आणि आता त्या घरातल्या एखाद्या व्यक्तीच्या हाती आल्या आहेत. या प्रत्येक टप्प्यावर तेच तीन प्रश्न पुन्हा पुन्हा उभे राहिलेले दिसतात : मनाई किती नेमकी आहे, ती चुकली तर दुरुस्त कशी होणार, आणि ती कोणी व का केली हे कोणाला कळणार. नाव रोखणे हे तांत्रिकदृष्ट्या फार सोपे काम आहे. अवघड आहे ते या तीन प्रश्नांना उत्तर देणे.

जाळ्यावरील पहिली महत्त्वाची यादी कोणालाही मनाई करण्यासाठी नव्हती. अमेरिकेतील आर्पानेट या संशोधन-जाळ्यावरील प्रत्येक संगणकाचे नाव आणि त्याचा पत्ता ‘होस्ट्स डॉट टीएक्सटी’ नावाच्या एकाच मजकूर-फाइलमध्ये लिहिलेला असे, आणि ही फाइल कॅलिफोर्नियातील मेनलो पार्क येथे स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या माहिती-केंद्रात एलिझाबेथ फाइनलर यांच्या नेतृत्वाखाली राखली जाई. नवा संगणक जोडायचा असेल तर या केंद्राला कळवावे लागे, केंद्र नावाची नोंद करी, आणि इतर संस्था ती फाइल वेळोवेळी आपल्याकडे उतरवून घेत. यादी एक, राखणारे कार्यालय एक आणि नाव दुसऱ्याशी जुळता कामा नये ही अट सर्वांना सारखी, अशा या पद्धतीत जबाबदारी कोणाची हे स्पष्ट होते. पण संगणकांची संख्या वाढू लागली तशी यादी नेहमीच शिळी राहू लागली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली, तिचे प्रमाणरूप १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यामुळे एका यादीचे असंख्य तुकडे होऊन प्रत्येक तुकडा ज्याचा त्याने राखावा अशी वाटणी झाली. जुनी फाइल मात्र नाहीशी झाली नाही. जवळपास प्रत्येक संगणकात ‘होस्ट्स’ या नावाची छोटी फाइल राहिली, आणि डीएनएसला विचारण्यापूर्वी संगणक सहसा तिच्यात पाहतो ही सोय पुढे मनाईसाठी वापरली जाणार होती.

या वाटणीत भारताच्या वाट्याला आलेला तुकडा मुंबईत राखला गेला. १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट या शैक्षणिक जाळ्याच्या प्रारंभिक संस्थांपैकी एक असलेली, जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था १९८९ मध्ये देशाला मिळालेल्या ‘डॉट इन’ या नाममालिकेची नोंद ठेवू लागली. त्या काळी नाव मिळवण्याचे नियम कडक होते, आणि म्हणून २००४ पर्यंत या मालिकेत केवळ सुमारे ७ हजार नावे नोंदली गेली होती. १ जानेवारी २००५ पासून हे काम नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाच्या देखरेखीखाली आले, नियम सैल झाले आणि कोणालाही नाव घेता येऊ लागले. म्हणजे पहिल्या दीड दशकात ‘डॉट इन’ ही व्यवहारात एक परवानगी यादीच होती, कारण तीत जाण्यासाठी आधी पात्रता सिद्ध करावी लागे. नंतर ती खुली झाली, आणि चांगले कोणते, वाईट कोणते ही निवड नोंदणीच्या दारातून निघून वापरणाऱ्याच्या दाराशी आली. खुल्या जाळ्याला मनाई याद्यांची गरज का भासली, याचे मूळ या बदलात आहे.

मनाईच्या पहिल्या मोठ्या याद्या जाहिरातींच्या एका वेगळ्या रूपाविरुद्ध, म्हणजे नको असलेल्या ईमेलविरुद्ध, तयार झाल्या. १९९७ च्या सुमारास पॉल व्हिक्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे ईमेल पाठवणाऱ्या यंत्रांच्या पत्त्यांची यादी सुरू केली, आणि तिचे वैशिष्ट्य असे की ती डीएनएसच्याच मार्गाने विचारता येत असे : ईमेल स्वीकारणारे यंत्र पाठवणाऱ्याचा पत्ता एका ठरावीक नावाच्या रूपात विचारी, आणि उत्तर मिळाले तर तो पत्ता मनाई यादीत आहे असे समजे. १९९८ मध्ये स्टीव्ह लिनफर्ड यांनी स्पॅमहाउस ही संस्था स्थापन केली, आणि जगातील असंख्य ईमेल-यंत्रे तिच्या याद्यांवर विसंबू लागली. यादी करणाऱ्याचे म्हणणे असे की आपण केवळ मत देतो, रोखण्याचा निर्णय यादी वापरणाऱ्याचा असतो. यादीत गेलेल्याचे म्हणणे असे की सर्वांनीच ती यादी मानली तर ते मत राहत नाही, शिक्षा होते. हा वाद न्यायालयात गेला तेव्हा २००६ मध्ये एका अमेरिकी न्यायालयाने, स्पॅमहाउसने बाजू मांडली नाही म्हणून, तिच्याविरुद्ध १ कोटी १७ लाख डॉलरचा निकाल दिला आणि २०११ मध्ये अपील न्यायालयाने ती रक्कम ३ डॉलरवर आणली. रक्कम कमी झाली तरी प्रश्न मिटला नाही, कारण एका बाजूला यादीची उपयुक्तता आणि दुसऱ्या बाजूला चुकीने तीत अडकलेल्याची हानी यांचे वजन कसे करायचे, याचे उत्तर त्या रकमेत नव्हते.

संकेतस्थळांवरील जाहिरातीचा प्रारंभ २७ ऑक्टोबर १९९४ पासून मोजला जातो. त्या दिवशी हॉटवायर्ड या संकेतस्थळावर पहिल्या आडव्या फलक-जाहिराती झळकल्या. जाहिराती वाढल्या तशी जुन्या ‘होस्ट्स’ फाइलची एक नवी उपयुक्तता लोकांच्या ध्यानात आली : जाहिरातीच्या नावापुढे संगणकाचा स्वतःचाच पत्ता, म्हणजे १२७.०.०.१, लिहून ठेवला की मागणी बाहेर जातच नाही आणि जाहिरातीची जागा रिकामी राहते. काही जणांनी अशा फाइली वर्षानुवर्षे निगुतीने राखल्या आणि इतरांना मोफत दिल्या. २००२ मध्ये हेन्रिक सोरेन्सन या डॅनिश विद्यार्थ्याने ब्राउझरसाठी ॲडब्लॉक हे जोडसाधन केले, २००५ मध्ये रिक पेटनेल यांनी ईझीलिस्ट ही सामाईक यादी सुरू केली, आणि २००९ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर ती इतर स्वयंसेवकांनी पुढे चालवली. ईझीलिस्टला जोडून निरनिराळ्या भाषांसाठी पुरवणी याद्या झाल्या आणि त्यांत भारतीय भाषांतील संकेतस्थळांसाठीही एक यादी आहे. कारण इंग्रजी संकेतस्थळांवरील जाहिरातदारांची नावे ठाऊक असणाऱ्याला मराठी किंवा तमिळ पानावर कोणाच्या जाहिराती येतात हे ठाऊक असतेच असे नाही. यादी ही जागतिक वाटली तरी ती राखण्यासाठी त्या भाषेचा वाचक लागतो, ही गोष्ट या पुरवण्यांमुळे प्रथम नीट दिसून आली.

परवानगी यादीचे राजकारणही याच क्षेत्रात उघडे पडले. डिसेंबर २०११ मध्ये ॲडब्लॉक प्लस या साधनाने ‘स्वीकारार्ह जाहिराती’ नावाची योजना आणली, तीत ठरावीक निकष पाळणाऱ्या जाहिराती मुळातच खुल्या ठेवल्या गेल्या, आणि मोठ्या कंपन्यांकडून त्यासाठी शुल्क घेतले जाऊ लागले. योजनेच्या समर्थकांच्या मते यामुळे संकेतस्थळांना उत्पन्न आणि वाचकांना सौम्य जाहिराती मिळणार होत्या. टीकाकारांच्या मते वाचकाच्या वतीने राखलेल्या यादीत पैसे देणाऱ्याला जागा मिळाली होती. मनाई यादी जशी अन्याय करू शकते, तशी परवानगी यादीही विकली जाऊ शकते, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

याच काळात महाराष्ट्रात आणि भारतात याद्यांचा दुसरा प्रवाह, सरकार आणि न्यायालय यांचा, आकाराला येत होता. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, मोठ्या शहरांमागून ते कोल्हापूरसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचले, आणि शतक बदलत असताना सायबर कॅफे ही तरुणांची इंटरनेटशी पहिली ओळख होण्याची जागा ठरली. तेथे अल्पवयीन मुलांना अयोग्य मजकूर पाहता येतो या तक्रारीवरून मुंबई उच्च न्यायालयाने २००१ मध्ये एक समिती नेमली. जानेवारी २००२ मधील तिच्या अहवालाने सेवापुरवठादारांच्या पातळीवर संकेतस्थळे रोखण्याचा मार्ग तांत्रिक व कायदेशीर दृष्ट्या सदोष मानला, आणि त्याऐवजी कॅफेतील ग्राहकांची ओळख, वापराच्या नोंदी आणि मुलांसाठीच्या यंत्रांवर गाळणीचे सॉफ्टवेअर अशा उपायांकडे लक्ष वेधले. सर्वांसाठी एक मनाई करण्याऐवजी जेथे गरज आहे त्या यंत्रापुरती मनाई करावी, हा त्यातील विचार आजच्या घरगुती साधनांच्या रचनेच्या फार जवळचा आहे.

हा विचार किती योग्य होता याचा पुरावा दोन वर्षांच्या आतच मिळाला. सप्टेंबर २००३ मध्ये केंद्र सरकारने मेघालयातील एका बंदी घातलेल्या संघटनेशी संबंधित, याहू ग्रुप्सवरील एकच चर्चागट रोखण्याचा आदेश दिला. पण चर्चागटाला स्वतंत्र डोमेन नव्हते, तो एका मोठ्या डोमेनच्या पोटातले एक पान होता, आणि सेवापुरवठादारांकडे एवढे बारीक रोखण्याचे साधन नसल्यामुळे त्यांनी याहू ग्रुप्स सगळेच बंद केले. तेच जुलै २००६ मध्ये, मुंबईतील ११ जुलैच्या रेल्वे बॉम्बस्फोटांनंतर, पुन्हा घडले : सरकारच्या यादीत १७-१८ पत्ते होते, पण अनेक सेवापुरवठादारांनी त्यांतील ब्लॉग ज्या डोमेनवर होते ते संपूर्ण डोमेनच अडवले, आणि ज्या मुंबईकरांनी स्फोटांनंतर मदतीची माहिती ब्लॉगवर एकत्र केली होती त्यांचे वाचकही तुटले. डोमेन हे घराचे नाव आहे, त्या घरातील प्रत्येक माणसाचे नाही. नावाच्या पातळीवर काम करणारी कोणतीही यादी या मर्यादेतून सुटू शकत नाही.

२००८ च्या दुरुस्तीने माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६९अ आले आणि २००९ मध्ये त्याखालील नियम लागू झाले, त्यामुळे सरकारी मनाईला कारणे, समिती आणि फेरविचार यांची चौकट मिळाली; परंतु त्याच नियमांतील १६ व्या नियमाने तक्रारी आणि त्यांवरील कारवाई गोपनीय ठेवण्याची तरतूद केली. पालघर येथे २०१२ मध्ये फेसबुकवरील लिखाणावरून दोन तरुणींना झालेल्या अटकेनंतर उभ्या राहिलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी त्याच कायद्यातील, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकूर गुन्हा ठरवणारे कलम ६६अ रद्द केले, पण कलम ६९अ त्यातील सुरक्षा-तरतुदींच्या आधारावर वैध ठरवले. मुंबई उच्च न्यायालयात जुलै २०१६ मध्ये ‘ढिशूम’ या चित्रपटाच्या निर्मात्यांनी चाचेगिरी रोखण्यासाठी आदेश मागितला तेव्हा न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी संपूर्ण संकेतस्थळे सरसकट रोखण्यास नकार दिला, तपासून प्रतिज्ञापत्रावर सादर केलेल्या नेमक्या दुव्यांपुरतीच मनाई मान्य केली, आणि रोखलेल्या पानाच्या जागी प्रकरणाचा तपशील व हरकत घेण्याचा मार्ग सांगणारी सूचना दिसावी असा आग्रह धरला. नेमकेपणा, दुरुस्तीची वाट आणि कारणाची जाहीर नोंद या तिन्ही गोष्टी एकत्र मागणारा हा आदेश म्हणजे मनाई यादीच्या इतिहासातील मराठी मुलखातून झालेले एक मोलाचे योगदान मानले पाहिजे. याच न्यायालयाचे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झाले असून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील पक्षकारांना दाद मागण्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही.

यादीच नसेल तेव्हा काय होते, हेही कोल्हापूरने पाहिले आहे. जून २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरील काही मजकुरामुळे शहरात तणाव निर्माण झाला, ७ जूनच्या आंदोलनाला हिंसक वळण लागले आणि प्रशासनाने जिल्ह्यातील इंटरनेट सेवा तात्पुरती बंद केली. त्या वेळी लागू असलेल्या, दूरसंचार सेवा तात्पुरत्या बंद करण्याविषयीच्या २०१७ च्या नियमांनी दिलेल्या अशा अधिकारात कोणतेही नाव निवडावे लागत नाही. अफवा पसरवणारा संदेश, रुग्णालयाची माहिती, व्यापाऱ्याचा आर्थिक व्यवहार आणि विद्यार्थ्याचा अर्ज हे सर्व एकाच आदेशाने थांबते. शांतता राखण्याची निकड खरी असू शकते, तरीही मनाईच्या सर्व प्रकारांत हा सर्वांत ढोबळ प्रकार आहे, कारण त्यात परवानगी यादीला जागाच नसते. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी काश्मीरसंबंधीच्या निकालात अशा बंदीला प्रमाणबद्धतेची आणि आदेश प्रसिद्ध करण्याची अट घातली, ती याच कारणासाठी.

घरगुती यादीचा आजचा अवतार २०१४ मध्ये जन्मला. जेकब साल्मेला यांनी रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या, अल्प खर्चाच्या संगणकावर चालणारे पाय-होल हे मुक्त सॉफ्टवेअर तयार केले; घरातील राउटरने सर्व उपकरणांना डीएनएसचा पत्ता म्हणून या यंत्राचा पत्ता द्यायचा, आणि यंत्राने मनाईतील नावाला ०.०.०.० असा निरुपयोगी पत्ता परत करायचा, एवढीच त्याची कल्पना. प्रत्येक मोबाइलवर आणि दूरचित्रवाणी संचावर वेगळे साधन बसवण्याची गरज त्यामुळे उरली नाही, आणि ज्या उपकरणांवर असे काही बसवताच येत नाही तीही या कक्षेत आली. २०१८ मध्ये ॲडगार्ड होम हे याच जातीचे दुसरे साधन आले. पाय-होल इतरांनी राखलेल्या याद्या ठरावीक काळाने, सहसा आठवड्यातून एकदा, उतरवून घेते आणि त्यांची एक मोठी मनाई यादी करते. घरमालकाच्या स्वतःच्या नोंदी त्यापासून वेगळ्या राहतात. नियम असा की परवानगी आणि मनाई या दोहोंत एकच नाव आले तर परवानगीचे चालते. हा केवळ तांत्रिक तपशील नाही : दूरच्या अनोळखी यादीकाराचा निर्णय घरातील माणूस रद्द करू शकतो, असा अधिकार-क्रमच त्यात लिहिलेला आहे.

सुरुवातीच्या आवृत्त्यांत या नोंदी साध्या मजकूर-फाइलींत राहत, अगदी मेनलो पार्कच्या फाइलीप्रमाणे, आणि घरातील सर्वांना एकच नियम लागू असे. मे २०२० मधील पाचव्या आवृत्तीने त्यांची जागा एका माहितीकोशाला दिली आणि गट करण्याची सोय आणली, त्यामुळे मुलांच्या टॅबलेटला एक नियम, कार्यालयीन काम करणाऱ्या पालकांच्या लॅपटॉपला दुसरा आणि आजी-आजोबांच्या मोबाइलला तिसरा असे वाटप शक्य झाले. मुलांच्या यंत्रापुरती गाळणी असावी हे २००२ च्या अहवालातील म्हणणे अठरा वर्षांनी अशा रीतीने घरात उतरले. या माहितीकोशात प्रत्येक नोंदीबरोबर ती चालू आहे की तात्पुरती बंद, ती कधी टाकली, कधी बदलली आणि ती का टाकली याचा शेरा, असे रकाने असतात. फेब्रुवारी २०२५ मधील सहाव्या आवृत्तीने बाहेरील परवानगी याद्याही उतरवून घेण्याची सोय दिली.

याद्या चालवण्याची रोजची कला मात्र आवृत्त्यांनी शिकवली नाही, ती चुकांतून घडली. नवी मोठी यादी जोडली की काही दिवसांत घरातील कोणीतरी सांगते की खरेदीचा दुवा उघडत नाही किंवा ईमेलमधील पावतीचे बटण चालत नाही. कारण असे दुवे पुष्कळदा मोजणी करणाऱ्या मधल्या डोमेनवरून जातात आणि तेच डोमेन मनाईत असते. अशा वेळी जाणकार संपूर्ण यादी काढून टाकत नाही. तो प्रश्नांची नोंदवही उघडतो, त्या उपकरणाने त्या मिनिटाला विचारलेली आणि नाकारली गेलेली नावे पाहतो, त्यांतील एकेक तात्पुरते खुले करून दोषी नाव शोधतो, आणि तेवढेच अचूक नाव परवानगी यादीत घालतो. जुने उत्तर उपकरण काही काळ साठवून ठेवते, त्यामुळे बदल लगेच दिसला नाही तरी थोडे थांबावे लागते. नमुन्यावर आधारलेले नियम, ज्यांना रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात, विशेष जपून वापरावे लागतात : रोमन लिपीत ‘ए, डी, एस’ ही तीन अक्षरे जेथे येतील तेथे मनाई, असा नियम केला तर जाहिरातींबरोबर ‘अपलोड्स’ आणि ‘डाउनलोड्स’ ही नावेही अडतात, आणि अडसूळ आडनावाच्या एखाद्या व्यावसायिकाचे संकेतस्थळही त्या घरापुरते नाहीसे होते.

देवनागरी नावांनी या कलेत एक निराळी गुंतागुंत आणली. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतील ‘डॉट भारत’ ही नाममालिका मराठी, कोकणी, हिंदी यांसह अनेक भाषांसाठी खुली झाली. परंतु डीएनएस मुळात रोमन अक्षरांसाठी घडलेली असल्याने देवनागरी नाव जाळ्यावरून जाताना ‘एक्सएन’ या अक्षरांनी आणि दोन जोडरेषांनी सुरू होणाऱ्या, डोळ्यांना निरर्थक वाटणाऱ्या सांकेतिक रूपात जाते. जाहिरातरोधकाच्या नोंदवहीत दिसते ते हे सांकेतिक रूप, आणि देवनागरीत लिहिलेला नमुना-नियम त्याला कधीच लागू पडत नाही. मराठी नावे जसजशी वाढतील तसतसे याद्या राखणाऱ्यांना हे रूप ओळखावे लागेल. अन्यथा मराठी फसवे नाव सुटेल आणि मराठी प्रामाणिक नाव चुकून अडले तर ते कोणाला वाचताही येणार नाही.

नावाच्या मर्यादेचा सर्वांत नाजूक प्रश्न मराठी वृत्तपत्रांच्या उत्पन्नाचा आहे. कोल्हापुरात १९३० च्या दशकात सुरू झालेल्या ‘पुढारी’सह मराठी वृत्तपत्रे आज संकेतस्थळांवरही वाचली जातात आणि त्या वाचनाचा खर्च मोठ्या प्रमाणात जाहिरातींतून निघतो. एखाद्या वाचकाला आपल्या आवडत्या वृत्तपत्रापुरत्या जाहिराती खुल्या ठेवायच्या असतील तर जाळ्याच्या पातळीवरील साधन त्याला ते करू देत नाही : वृत्तपत्राचे नाव परवानगी यादीत घालून काही साधत नाही, कारण ते मुळातच खुले असते, जाहिरात येते ती तिसऱ्याच डोमेनवरून, आणि ते डोमेन खुले केले तर त्या गटातील उपकरणांवर ते प्रत्येक संकेतस्थळासाठी खुले होते. डीएनएसला प्रश्न कळतो, तो कोणत्या पानासाठी विचारला गेला हे कळत नाही. २००३ मध्ये याहू ग्रुप्सचे जे झाले त्याचेच हे उलटे रूप आहे, आणि त्यावरचा प्रामाणिक मार्ग म्हणजे बारीक निवडीसाठी ब्राउझरमधील साधन वापरणे किंवा वृत्तपत्राला वर्गणीच्या रूपाने थेट पैसे देणे.

दुसऱ्या बाजूने जाहिरातदारही नावाच्या आडून नवे मार्ग शोधत राहिले. २०१९ च्या अखेरीस फ्रान्समध्ये असे उघडकीस आले की एका वृत्तपत्राच्या संकेतस्थळाचे भासणारे एक उपनाम प्रत्यक्षात माग काढणाऱ्या कंपनीकडे वळवलेले होते. त्यामुळे पाय-होलच्या पाचव्या आवृत्तीने पहिल्या नावावर न थांबता पुढे ते कोणत्या नावाकडे जाते हेही तपासण्यास सुरुवात केली. २०१८ मध्ये प्रमाणित झालेल्या कूटबद्ध डीएनएसमुळे ब्राउझरला घरातील यंत्राला न विचारता बाहेरच्या सेवेला गुप्तपणे प्रश्न विचारता येऊ लागले. त्यात सेवापुरवठादारापासून वाचकाचे रक्षण होते, पण घराच्या स्वतःच्या यादीलाही वळसा पडतो. काही मोठ्या व्हिडिओ-सेवा जाहिरात आणि आशय एकाच डोमेनवरून देतात आणि तेथे नावाची यादी निरुपयोगीच ठरते. म्हणजे या याद्या म्हणजे अभेद्य तटबंदी नव्हे; त्या सतत जुन्या होणाऱ्या आणि सतत राखाव्या लागणाऱ्या नोंदी आहेत.

या सर्व इतिहासातून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. मनाई यादीची गुणवत्ता तिच्यातील नावांच्या संख्येवरून ठरत नाही. ती मनाईच्या नेमकेपणावरून, तिला ओलांडणाऱ्या परवानगीच्या सोयीवरून आणि प्रत्येक नोंदीमागील कारणाच्या नोंदीवरून ठरते. घरातील यादी राखणाऱ्याने दहा लाख नावांची भलीमोठी यादी जोडण्यापेक्षा, कोणती नोंद कोणी, कधी, कशासाठी केली हे शेऱ्यात लिहावे, काही महिन्यांनी जुन्या नोंदी तपासाव्यात, आणि घरातील ज्याची अडचण झाली त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. एकाच्या हाती सर्वांच्या प्रश्नांची नोंदवही असते, म्हणून ती पाळतीसाठी वापरू नये हेही त्यात आले. हाच मापदंड सार्वजनिक याद्यांनाही लावला पाहिजे. तळहाताएवढ्या यंत्रावरील मोफत सॉफ्टवेअरला प्रत्येक नोंदीसमोर तारीख आणि कारण राखता येते, नोंद न पुसता ती थांबवता येते आणि चूक एका कळीने दुरुस्त करता येते. मग लाखो नागरिकांना लागू होणाऱ्या मनाईची कारणे गोपनीय राहावीत आणि तिच्या दुरुस्तीसाठी न्यायालयापर्यंत जावे लागावे, याला तंत्राची अडचण हे कारण आता उरलेले नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये जे एका चित्रपटाच्या प्रकरणात मागितले, ते प्रत्येक मनाईच्या बाबतीत मागण्याचा अधिकार नागरिकांचा आहे, आणि आपल्या घरातील यादी त्याच शिस्तीने राखणाऱ्या माणसाला तो अधिकार अधिक चांगला समजतो.